काना देणाऱ्या सासूबाई

माझ्या सासूबाई बस कंपनीच्या हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत काम करतात आणि मी त्यांच्या समोरच्या टेबलावर. घरी सासू, ऑफिसातही सासू. लोक माझी कीव करतात. करू देत. मी कोणाच्या हाताखाली शिकतेय, ते त्यांना काय कळणार!

प्रवाशांच्या ईमेल सासूबाई संगणकाच्या एका काळ्या खिडकीत वाचतात. तिथे चित्रं नाहीत, माउस नाही, नुसती अक्षरं. त्या नोकरीला लागल्या तेव्हा सगळ्यांकडे हेच होतं. बाकीचे पुढे गेले, ह्या हटून बसल्या. आलेलं प्रत्येक पत्र त्या जपून ठेवतात. एखादी वस्तू सापडली की जपलेल्या पत्रांवर खुणा करायच्या, उभ्या रेघेची कळ दाबायची आणि पुढे स्क्रिप्टचं नाव लिहायचं. स्क्रिप्ट म्हणजे त्यांनीच लिहिलेल्या आज्ञांची छोटी फाइल. सगळी पत्रं तिच्या पोटात जातात आणि हवं तेवढंच बाहेर येतं. त्या रेघेला सगळे पाइप म्हणतात, सासूबाई काना म्हणतात. "पत्राला काना दे," असं त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वाटलं, शुद्धलेखन तपासायला बसवलंय.

आपल्या भाषेतली पत्रं आधी स्क्रिप्टला कळायचीच नाहीत, कारण ईमेलमध्ये ती सांकेतिक अक्षरांत गुंडाळून येतात. आधी गुंडाळी सोडायची, मग काना द्यायचा, हे सासूबाईंनी स्वतः शोधून काढलं. त्या आनंदात त्यांनी स्वयंपाक आपल्या मुलाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, गळ्यात घातला आणि आम्ही दोघी फिरायला गेलो.

परवा खोली रिकामी करायचा हुकूम आला. बेवारस सामान भंगारात जायचं होतं. हमाल ट्रक भरत होते आणि एका कापडी पिशवीतून लहान मुलाचा कृत्रिम पाय निघाला. अगदी नवा, पट्टेसुद्धा कोरे. सासूबाईंनी तो उचलून मांडीवरच घेतला.

"काकू, त्याला कोणी विचारलं नाही," साहेब म्हणाले. "बसच्या नंबराने तुम्हीच शोधलं होतंत ना?"

"नंबर चुकीचा लिहिला असेल. एखादं लेकरू तिकडे लंगडी घालत बसलं असेल, साहेब. हा मी भंगारात जाऊ देणार नाही."

"ट्रक भरेपर्यंत बघा. पुढे माझ्या हातात नाही."

सासूबाईंनी सगळ्या पत्रांवर खुणा केल्या, काना दिला आणि 'पाय' शोधायला लावला. पडदा भरून वाहायला लागला. पायजमे, पायमोजे, पायरीवर विसरलेल्या छत्र्या आणि 'कृपया काहीतरी उपाय करा' म्हणणारे असंख्य प्रवासी. उपायातला पायही स्क्रिप्टने इमानेइतबारे पकडला होता. मला हसू फुटलं. सासूबाईंनी असं बघितलं की ते जागीच विरलं. मग त्यांनी 'कृत्रिम' शोधलं. काहीच नाही. बाहेर पोती भराभर चढत होती.

"तू तुझ्या लेकीच्या पायाला काय म्हणतेस गं?" त्यांनी अचानक विचारलं.

"पाऊल म्हणते. आण बघू पाऊल, मोजा घालू."

त्यांनी पुन्हा काना दिला, पुढे 'पाऊल' लिहिलं. एकच पत्र बाहेर पडलं: 'मुलीचं नवं पाऊल बसमध्ये राहिलं. अजून घालूनही बघितलं नव्हतं.' खाली फोन नंबर. सासूबाईंनी टेबलावर अशी थाप मारली की साहेब आतून धावत आले.

मी फोन लावला आणि मायलेकी रिक्षाने आल्या. मुलगी कुबड्यांवर होती. तिच्या आईने कुबड्या धरल्या आणि पट्टे सासूबाईंनीच बांधले. पोरगी उभी राहिली, डगमगली, सावरली. हमालसुद्धा पोती टाकून बघत उभे होते. आईने धरायला हात पुढे केला.

"सोड, मला येतं," ती म्हणाली आणि टेबलापासून दारापर्यंत चालत गेली.

मी आनंदाने रडत होते. सासूबाईंनी चष्मा पुसला आणि हमालांकडे वळल्या.

"आता न्या बाकीचं."