दोन्ही बाजू काळ्या

त्याला सगळे फिरकी म्हणत आणि या नावावर त्याचा दुहेरी हक्क होता. एक तर तरुणपणी टेबल टेनिस खेळताना तो चेंडूला अशी फिरकी द्यायचा की समोरच्याची बॅट एकीकडे आणि चेंडू भलतीकडे. दुसरं म्हणजे येता-जाता लोकांची फिरकी घेतल्याशिवाय त्याला करमायचं नाही. शेजाऱ्याला एकदा त्यानं सांगितलं, तुमचं मीटर उलटं फिरतंय, आता कंपनीच तुम्हाला पैसे देणार. बिचारा सकाळभर मीटरसमोर उभा. सासरची माणसं तर त्यानं ‘जेवायला चला’ म्हटलं तरी आधी स्वयंपाकघरात डोकावून खात्री करून घ्यायची. माणूस वाईट नव्हता. पण त्याचं खरं कुठलं आणि खोटं कुठलं हे शोधायचा लोकांना कंटाळा आला आणि त्यांनी सरसकट हसायचं ठरवून टाकलं. पुढं जे झालं त्यात या हसण्याचा वाटा मोठा आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पोटापाण्यासाठी तो वायरमन. एका मोठ्या धुलाईघराची, म्हणजे हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी गाडीगाडीनं धुणाऱ्या ठिकाणाची, सगळी वीज तो सांभाळायचा. नोकरी, लग्न, धाकट्या बहिणीचं लग्न या रगाड्यात खेळ सुटला तो सुटलाच. मग अर्धे केस पांढरे झाल्यावर छातीत टीबी निघाला. खोकून खोकून पार चिपाड झाला. मूठभर गोळ्या सुरू झाल्या, हळूहळू गुण आला, अंगावर मांस चढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘गोळ्या अजून सोडायच्या नाहीत, पण कामावर जा. थोडंफार खेळलात तरी चालेल.’ हे वाक्य त्यानं घरी येऊन इतक्या वेळा ऐकवलं की बायकोला पाठ झालं.

बाईंनी आणखी एक सांगितलं होतं, ते मात्र त्यानं फारसं ऐकवलं नाही. यातली एक गोळी डोळ्यांना जड जाऊ शकते, काही वेगळं वाटलं तर लगेच या. दर खेपेला त्या त्याला भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावायच्या आणि तो शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचायचा. तक्ता पांढरा होता आणि अक्षरं काळी. रंगांचं कुणी विचारलं नाही, त्यानंही काढलं नाही.

आणि रंग तर चालले होते. पुन्हा पुन्हा धुतलेल्या सदऱ्यासारखं सगळं विटत होतं. लाल आणि हिरवा आधी फिके झाले, मग मातकट झाले, मग एकमेकांत मिसळायला लागले. एका दिवसात झालं असतं तर तो बोंब मारत दवाखान्यात पळाला असता. हळूहळू झालं, म्हणून त्यानं दोष दिला बल्बला, ढगांना, स्वस्तातल्या मालाला. वायरमनचा लाल आणि हिरवा गेला तर काय होतं हे त्याला शिकवायची गरज नव्हती. लाल वायरीतून वीज येते. हिरवी वायर यंत्राच्या लोखंडी अंगाला, बॉडीला, जोडतात ती माणूस वाचावा म्हणून. या दोघींची अदलाबदल झाली की अख्ख्या यंत्रात वीज उतरते आणि हात लावणारा जातो. हे सगळं ठाऊक असलेल्या माणसानं स्वतःला एक साधा प्रश्न विचारायला हवा होता. तो विचारला असता तर नोकरी पुन्हा जाणार होती, आणि ती तर नुकती परत मिळाली होती.

खेळाचं म्हणाल तर त्याची जुनी बॅट माळ्यावर निघाली. रबर वहाणेच्या तळासारखं कडक झालेलं, नख मारलं तर तुकडा पडला. मग तो गेला जोडीदाराकडे. जोडीदार म्हणजे पूर्वीचा दुहेरीतला भिडू. आता त्याचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत एक टेबलही मांडलेलं होतं.

“चेंडू मोठा झालाय बरं का,” जोडीदार म्हणाला. “आणि गेम आता अकराचा. एकवीसपर्यंत दम टिकवायची भानगड नाही.”

“माझ्या छातीकडे बघूनच नियम बदलला असणार,” फिरकी म्हणाला.

दोघं काउंटरवर ओणवे झाले. जोडीदारानं बॅटची सहा-सात नुसती लाकडं पुढं टाकली. फिरकी एकेक उचलून मुठीत धरायचा, बोटाच्या पेरानं टकटक करायचा, कानाशी न्यायचा. एक लाकूड टणक वाजलं तसे त्याचे डोळे लकाकले.

“ते ठेव खाली,” जोडीदार म्हणाला. “ते वेगवान आहे, पोरांचं काम आहे ते. तुझा हात अजून चेंडूवर बसलेला नाही. मऊ लाकूड घे. चेंडू बॅटवर घटकाभर थांबला पाहिजे, तेव्हा तुझी फिरकी लागेल.”

“मला म्हातारा म्हणतोस?”

“आजारातून उठलेला म्हणतोय.”

फिरकीनं जरा तोंड वाकडं केलं, पण घेतलं मऊच. रबराच्या बाबतीत मात्र त्यानं कुणाचं ऐकलं नाही. एका बाजूला चिकट रबर, तळहात टेकवला तर सोडायला कुरकुर करणारं. दुसऱ्या बाजूला लांब दाण्यांचं, ज्यावर आदळून समोरच्याची फिरकी उलटी होते. रबराखाली जाड स्पंज त्याला हवा होता, जोडीदारानं पातळ गळ्यात मारला. शेवटी जोडीदारानं लाकडाला डिंक लावला, रबरं बसवली, पातीनं कडा कापल्या आणि बॅट त्याच्या हातात दिली. नीट वाळायला हवी, उद्या दुपारी घेऊन जा, म्हणाला.

फिरकीनं बॅट इकडून बघितली, उलटली, तिकडून बघितली. चेहरा फुलला.

“वा! दोन्ही बाजू काळ्या. मला वाटलं होतं आता मिळत नसेल.”

आता इथं थोडं मागचं सांगायला हवं. त्यांच्या काळी बॅटच्या दोन्ही बाजू एकाच रंगाच्या चालत. फिरकीचा सगळा खेळ त्यावर उभा होता: टेबलाखाली बॅट हातातल्या हातात फिरवायची, कुठल्या रबरानं मारलं ते समोरच्याला कळूच द्यायचं नाही. तो खेळ सोडून गेला आणि मागाहून नियम आला, एक बाजू लाल, एक काळी, म्हणजे लपवाछपवी बंद. जोडीदारानं बसवलेलं चिकट रबर लालभडक होतं, समोरच्या फुटपाथवरूनही दिसलं असतं. फिरकीला ते मळकट काळं दिसलं, आणि त्याच्या काळात ते तसंच असायचं, म्हणून त्याला खटकलं नाही. नियमाबद्दल त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि जोडीदाराला वाटलं, हा नियमाची टिंगल करतोय.

“हो बाबा, खास तुझ्यासाठी दोन्ही काळ्या,” जोडीदार हसत म्हणाला आणि बॅट वाळत ठेवली.

त्या संध्याकाळी बायको न्हाणीघरातून ओरडली, “अहो, दोरीवरचा लाल टॉवेल द्या.” त्यानं दिला. तिनं दार किलकिलं करून बघितलं. “हा हिरवा आहे.”

त्यानं टॉवेल परत घेतला. मग म्हणाला, “घेतली की नाही फिरकी!”

ती हसली, “आजारातून उठलात पण खोड गेली नाही.” तो दोरीपाशी परत गेला. तिथं दोन टॉवेल होते आणि दोन्ही सारखेच होते. त्यानं व्हरांड्यातल्या दिव्याकडे बघितलं, हा बल्ब बदलायला झालाय असं मोठ्यानं म्हणाला आणि दुसरा टॉवेल नेऊन दिला. या वेळी बल्ब बदललाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुलाईघरात कोपऱ्यातल्या मोठ्या मशीनची जुनी केबल बदलायची होती. त्या मशीनवर त्याची धाकटी बहीणच असायची. तिला ही नोकरी त्यानंच लावून दिली होती. खाली कायम ओली फरशी, हात कोपरापर्यंत भिजलेले, आणि ओल्या चादरी ओढून काढताना गुडघा मशीनच्या पत्र्याला टेकवायची तिची सवय. वीज बंद करून तो मशीनच्या मागं शिरला आणि एका टोकाला तयार प्लग असलेल्या नव्या केबलचं दुसरं टोक सोललं. तीन वायरी बाहेर आल्या. काळी कळली. उरलेल्या दोघींकडे तो बघत राहिला. टॉर्च तोंडात धरून बघितलं. खिशातला चष्मा लावून बघितलं.

“दादा, झोपलास का आत?” बहीण म्हणाली.

“या केबलवाल्यांनी रंगातसुद्धा चोरी केलीय,” तो आतून म्हणाला.

“आम्हाला दुपारच्या सुट्टीनंतर मशीन पाहिजे. चादरींचा डोंगर झालाय.”

त्याच वेळी तो बाहेर येऊन तिला विचारू शकला असता, यातली लाल कुठली गं? ती हसली असती, बोट दाखवलं असतं आणि विषय संपला असता. पण विचारायचं म्हणजे कबूल करायचं. त्यानं मनाशी ठरवलं, जरा गडद दिसतेय ती लाल आणि जरा उजळ ती हिरवी. इतकी वर्षं हेच काम केलं, हातालाच कळतं, असंही त्यानं स्वतःला सांगितलं. जोडलं, झाकण लावलं, स्क्रू आवळले.

“मेन स्विच बंदच ठेवलाय. मशीन भरलं की तेवढा तुझ्या हातानं सुरू कर, मग बटण दाब,” असं बहिणीला सांगून तो बॅट आणायला गेला.

दुकानात शटर अर्धं ओढून दोघं मागच्या खोलीत टेबलाशी उभे राहिले. पहिले काही चेंडू बरे गेले. मनगट आठवून आठवून वळत होतं. मग जोडीदारानं स्वतःची बॅट फिरवायला सुरुवात केली, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, आणि फिरकीचा एकही चेंडू टेबलावर पडेना. एक जाळीत, एक छताकडे.

“अरे, रंग बघ की!” जोडीदार वैतागून म्हणाला. “लाल आली तर फिरकी येणार, काळी आली तर नाही. एवढं उघड दाखवून मारतोय.”

“लाल? तुझ्याही दोन्ही काळ्याच आहेत की.”

जोडीदार हसला. पण फिरकी हसत नव्हता. आजवर त्यानं कुणाची फिरकी घेतली की डोळ्याचा एक कोपरा बारीक व्हायचा, आणि जोडीदारानं टेबलापलीकडून तो कोपरा हजारदा बघितला होता. तो आज बारीक झाला नव्हता. जोडीदारानं बॅट खाली ठेवली, पुढं दुकानात गेला आणि दोन दोऱ्या घेऊन आला, दोरीउड्यांच्या. त्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

“यातली लाल दे.”

फिरकीनं एक उचलली. जोडीदारानं मान हलवली.

“चुकलं?”

“ती हिरवी आहे रे.”

फिरकीनं दोन्ही दोऱ्या हातात धरल्या, दारापाशी उजेडात नेल्या, आणि त्या उजेडात त्याला दोऱ्या दिसल्याच नाहीत. त्याला दिसली सकाळी सोललेली केबल. बहिणीचा मोबाइल कामाच्या वेळी कपाटात असतो हे आठवून त्यानं धुलाईघराच्या ऑफिसला फोन लावला. सुट्टी संपायला आली होती.

“तिला बोलवा. माझ्या बहिणीला. आत्ता.”

“काय फिरकीशेठ, आज कुणाचा नंबर?” कारकून म्हणाला.

“बोलवा हो!”

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. लांबून बायकांचं हसणं, ट्रॉलीची चाकं. तो रिसीव्हर पुन्हा उचलला जाईपर्यंत फिरकी उभ्या उभ्या घामानं भिजला.

“काय रे दादा? मशीन भरलंय, मेन सुरू करायला निघाले होते.”

“मशीनला हात लावू नकोस.”

“का? चावतं का?” ती हसली. “कळलं हं. ठेवते.”

“छोटी, ठेवू नकोस!” तो ओरडला, आणि मग इतके महिने जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते बोलून बसला. “मला लाल दिसत नाही. हिरवंही दिसत नाही. गोळ्यांनी झालंय. सकाळी मी अंदाजानं जोडलं. देवाशपथ सांगतो, मी थट्टा करत नाही.”

पलीकडचं हसू तुटलं. मग तिचा आवाज फोनपासून दूर वळला, “मेनला हात लावू नका! बाजूला व्हा सगळ्या, कुणी टेकू नका!” पावलं धावली. मुकादमाचा आवाज आला, काहीतरी खणखणलं, कुणीतरी झाकणाचे स्क्रू काढत असावं. जोडीदार शेजारी उभा होता, त्याला काय करावं हे सुचत नव्हतं, त्यानं फक्त फिरकीच्या खांद्यावर हात ठेवला.

बऱ्याच वेळानं ती फोनवर आली. तिला धाप लागली होती.

“दादा. लाल बॉडीला आहे.”

तो खाली बसला, दुकानाच्या फरशीवर, चेंडूंच्या खोक्याला टेकून. ती जिवंत होती, बोलत होती, एवढं पुरेसं होतं. त्याला रडू फुटलं आणि त्यानं ते आवरलं नाही. तिनं त्याला रडू दिलं. पण ती त्याचीच बहीण, त्याच्यासारखीच वायरींच्या घरात वाढलेली, आणि तिचं डोकं त्याच्यापुढं धावत होतं.

“हे कधीपासून दिसत नाही तुला?”

“माहीत नाही.”

“दादा, कामावर परत आल्यापासून तू बाहेरचीही कामं घेतलीस ना? कुठं कुठं जोडलंस?”

त्यानं डोळे मिटले. शेजारच्या चाळीतला पाण्याचा पंप, त्यानं सांगितलं. जोडीदाराच्या सासूबाईंचा गिझर; तो अजून सुरू केला नव्हता, त्या गावाहून आज यायच्या होत्या. खांद्यावरचा हात निघाला आणि जोडीदार गाडीची किल्ली शोधायला धावला.

“अजून?” बहीण म्हणाली.

“आठवतोय.”

“आठव ना, दादा.”