टोपातलं बोलणं

मला क्षयरोग वॉर्डात ड्युटी हवी होती, पण आधी मास्कची चाचणी पास व्हायची होती. यवतमाळला आमच्या नर्सिंग कॉलेजात चाचणी घ्यायला आलेल्या बाईंनी माझ्या डोक्यावर पारदर्शक टोप चढवला आणि आत कडू फवारा मारला. मास्क सैल असला की जीभ कडू होते. प्रत्येक फवाऱ्याआधी त्या स्वतःचेच ओठ चाटत. मोठ्यानं वाचायला दिलेला उतारा मी कसाबसा पुटपुटले.

"तोंड उघडून बोल पोरी, मास्क हालला पाहिजे."

"मले मोठ्यानं वाचाची लाज वाटते, मॅडम."

"मंग तांड्यात बोलते तशी बोल. मास्कले कुठं भाषा समजते?"

समोर आई बसली आहे असं धरून मी आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत सांगू लागले, याडी, मी आता वॉर्डात जाणार. कॉलेजात पहिल्यांदाच मी अशी बोलत होते. कडू काही लागेना.

"पास," म्हणत बाईंनी टोप उचलला, तरी माझं बोलणं थांबेना.