रिकाम्या विहिरीतली हजेरी

बी.ए. झाल्यावर मला विम्याची एजन्सी मिळाली आणि मी मोठ्या श्रद्धेने राळेगावकडच्या खेड्यांतून सायकलवर हिंडू लागलो. तिथे तो भेटला. ठेकेदाराकडून विहिरींचे काम अंगावर घेऊन चार गड्यांसह खोदणारा सुरुंगवाला. पगार नाही, काम बंद तर चूल बंद. त्याने विम्याच्या अर्जावर अंगठा दिला आणि बोटाची शाई केसांना पुसली.

रोज सकाळी तो विहिरीच्या काठावर ओणवा होई आणि आदल्या वर्षी सुरुंगात मेलेल्या भागीदाराला नावाने हाक मारी. हजेरी लागली की त्या भागीदाराचा वाटा त्याच्या बायकोला पोचे. टोळीची रीतच तशी होती. खाली कोणी उतरलेले नसे, तरी खालून होकाराचे बारीक "हाव" येई.

"प्रतिध्वनी आहे हो," मी म्हणालो.

"म्या त नाव घेतलं, सायेब. हाव कोन म्हनलं?"

एक गडी हसला. "सायेबाले भेव लागून राह्यलं!"

महिन्याने अर्ज परत आला. सुरुंगाचे काम करणाऱ्याचा विमा उतरवता येत नाही, असे वरून कळवले होते. मी मान खाली घालून ते सांगितले, तर त्यानेच माझ्या पाठीवर हात ठेवला.

"जाऊ द्या. मी बी खालून हाव म्हनीन. पोरं जेवतीन."

पुढच्या उन्हाळ्यात ती टोळी दुसऱ्या गावी दिसली. तो काठावर नव्हता. नव्या म्होरक्याने ओणवे होऊन दोन नावे पुकारली. खालून दोन हाव आले. दुसरा आवाज मी ओळखला, आणि भीती वाटायच्या आधी मला त्याच्या पोरांसाठी बरे वाटले.