सिस्टिमचा भाग

सुरतेत आमच्या गोडादऱ्याच्या गल्लीतले काका कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाउसमध्ये डाइंग मास्तर होते. त्यांनीच शेठकडे शब्द टाकून मला तिथल्या कॉम्प्युटर रूममध्ये लावलं. इंग्रजी शाळेत शिकलेली, एवढंच माझ्याकडे होतं. युनिक्स मी तिथेच मॅन्युअल वाचून शिकले. दिवसभर कोणाशी बोलावं लागत नाही, म्हणून ते काम मला आवडायचं.

काकांची शेडांची वही जुनी होती. कोणत्या कापडाला कोणता रंग किती ग्रॅम, ते सगळं तीत. पानांवर डाग पडले होते आणि काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. जेवणाच्या सुट्टीत ते डोळ्यांजवळ वही धरून वाचायचे, मी टाइप करायचे.

"कोनले दखाडू नको, बेटा."

शेठच्या हाती वही लागली की मास्तर बदलतो, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून ती फाइल मी डिस्कवरच्या डेटाच्या भागात ठेवली नाही. तिथे शेठचा भाचा रोज डोकावायचा. मी ती सिस्टिमच्या भागात ठेवली, फक्त मला उघडता येईल अशा जागी. रोज संध्याकाळी नक्कल म्हणून टेप काढायचो, तिच्यावर मात्र डेटाचाच भाग जायचा. मला हे माहीत होतं. त्या फाइलची वेगळी टेप करू, असं रोज म्हणायचे. शेवटचं पान टाइप झालं त्या दिवशी काकांनी वही बॉयलरमध्ये टाकली.

मग एका सकाळी लाइट गेली, आली, आणि कॉम्प्युटरचं मशीन उठेना.

मशीन बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर फोनवर होता. "टेन्शन नहीं लेवानुं, बेन." डेटाला हात लागणार नाही, म्हणाला. सिस्टिमचा भाग पुसून नवा करायचा आणि मशीन बसवलं त्या दिवशीची टेप त्यात उतरवायची, बस. तो सांगत गेला, मी टाइप करत गेले. शेवटी पडद्यावर प्रश्न आला: या भागातलं सगळं जाईल, चालेल?

फाइल मला आठवत होती. फ्लॉपीवरून मशीन चालू करून जुना भाग आधी उघडून बघता येतो, एखादी फाइल वाचवताही येते, हे मी वाचलेलं होतं. फोनवर एक वाक्य विचारायचं होतं. पण शेठ आणि भाचा माझ्या खुर्चीमागे उभे होते. "कसली फाइल?" असं त्यांनी विचारलं असतं.

"दबाव ने," भाचा म्हणाला. "आंगळी दुखे छे के?"

मी दाबलं.

दुपारपर्यंत मशीन चालू झालं. आदल्या संध्याकाळपर्यंतचा डेटा जागच्या जागी होता. "होशियार छोकरी," शेठ म्हणाले.

सुट्टीत काका आले. "उठनं का मशीन?"

"उठलं. तुमची फाइल गेली, काका."

"सगळी?"

"सगळी."

 ते नेहमीच्या स्टुलावर बसले. "डोकामा शे ना. लिख."

मोरपिशी त्यांनी न अडखळता सांगितला. बदामीही. राणी रंगातला लाल दोनदा बदलला. जांभळट फालशाला म्हणाले, "आठ... नही. थांब." मी थांबले. सुट्टी संपली तरी ते आठवत होते.

तीन दिवसांत अकरा शेड झाल्या. त्यातल्या दोन नमुन्याच्या कापडावर चुकीच्या निघाल्या. महिनाभरात अंकलेश्वरहून नवा मास्तर आला आणि काकांना फोल्डिंग खात्यात घड्या घालायला बसवलं.

एका रविवारी ते आमच्या ओट्यावर पप्पांशी बोलत होते. "पोरनी काही चूक नही, भाऊ. मशीन मरी गयं, ती काय करी?"

मी आत चहा गाळत होते. बाहेर जाऊन सांगायचं होतं, की इंजिनिअरला मला विचारता आलं असतं. मी कप घेऊन गेले. त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून तो त्यांच्या हातात दिला, त्यांनी धरला याची खात्री केली आणि आत आले.