कुठल्या पानावर थांबलीस?

जे पुस्तक पाच वर्षांत एकदाही कोणी घरी नेलं नाही ते पुस्तक नव्हे, वीट आहे, असं वाक्य मी आमच्या ग्रंथालयाच्या सभेत उभं राहून म्हटलं होतं. सभेला पाच जण होते. चौघांनी माना डोलावल्या, पाचवे झोपले होते. मी नुकताच मानद चिटणीस झालो होतो, आणि ग्रंथालय जुन्या जागेतून नवीन पनवेलच्या एका छोट्या गाळ्यात न्यायचं होतं, तेव्हा पुस्तकं कमी करणं भागच होतं. घरी माझ्या मताला फारशी किंमत नसल्यामुळे बाहेर कोणी मान डोलावली की मला चेव येतो. त्याच आठवड्यात मी रजिस्टर घेऊन बसलो, विटा शोधल्या आणि रद्दीवाल्याला बोलावलं. आमच्या ग्रंथपाल बाई तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होत्या.

रजा संपवून शुक्रवारी दुपारी त्या आल्या. डोळ्यांवर काळा चष्मा. नेहमीप्रमाणे आधी खिडकी उघडली आणि खिडकीजवळच्या चौथ्या कपाटाकडे वळल्या. मधल्या फळीवर हात ठेवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चिटणीस, हे रिकामं आहे, की मला दिसत नाहीये?"

मी अभिमानानं सांगितलं, रिकामं आहे.

तुम्ही पनवेलचे असाल तर बाईंना कुठे ना कुठे पाहिलं असणार. उंच, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, आणि चालताना मान जराशी पुढे, जणू समोरच्या दुकानाची पाटीही नीट वाचूनच पुढं जायचं. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यू. घरातले सगळे एकेक करून तिकडे इस्राएलला गेले, भाऊ दर वर्षी बोलवायचा. "तिकडे माझ्याशी मराठीत भांडणार कोण?" असं म्हणून त्या दर वर्षी राहायच्या. शनिवार त्यांचा शब्बाथ, म्हणून आमच्या ग्रंथालयाची सुट्टी शनिवारी असे. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत त्या घरी पोचत आणि शब्बाथचा दिवा लावत. त्या दिवशी पाचनंतर अध्यक्ष जरी आले, तरी त्यांना पुस्तक मिळत नसे.

पुरुषांना बाई पुस्तक देत आणि विसरून जात. बायकांचं तसं नव्हतं. मुलाचं गाइड नाहीतर एखादं मासिक न्यायला आलेल्या बाईला त्या थांबवत. "ते राहू दे. बाईनं लिहिलेलं वाचलंस का कधी?" आणि चौथ्या कपाटातलं एक पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या भाजीच्या पिशवीत सरकवत. ते कपाट त्यांनीच भरलं होतं. जुन्या कपाटांत पुस्तकांच्या दोन-दोन रांगा असतात, आणि मागच्या रांगेत कोण आहे ते कोणी बघत नाही. बाईंनी बघितलं. तिथं त्यांना शिक्षिका सापडल्या, एक नर्स सापडली, नवरा वारल्यावर एकटीनं शेती केलेली एक सापडली, आणि नुसतं आद्याक्षर लावून कादंबऱ्या लिहिणाऱ्या दोघी सापडल्या. सगळ्यांना त्यांनी पुढं आणून खिडकीपाशी बसवलं.

पुस्तक परत आलं की त्या "आवडलं का?" असं कधी विचारत नसत. "आवडलं का, हे जावयाला जेवताना विचारतात," म्हणायच्या. त्यांचा प्रश्न एकच. "कुठल्या पानावर थांबलीस?"

नव्या बाईला कळत नसे. "थांबले नाही हो, पूर्ण वाचलं."

"कुकरची शिट्टी झाली म्हणून उठतेस ते नव्हे गं. पुस्तक मांडीवर ठेवून नुसतीच बसलीस, ते पान."

मग ती जरा विचार करून पान सांगायची. बाई कागदाचा तुकडा पुढं करायच्या. "लिही, का थांबलीस. नाव घालू नकोस." ती चिठ्ठी त्याच पानात जायची. पुढची वाचणारी त्या पानाशी आली की तिला ती सापडायची, आणि ती खाली आपलं लिहायची. आमच्या गावातल्या कितीतरी बायका अशा एकमेकींशी बोलत होत्या, आणि भाजीवाल्यापाशी समोरासमोर आल्या तरी त्यांना ते ठाऊक नव्हतं.

मलाही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं रजिस्टर. आणि रजिस्टरात चौथ्या कपाटातलं एकही पुस्तक कधी बाहेर गेलेलं नव्हतं.

"कसं जाणार?" बाई रिकाम्या कपाटाशी उभ्या राहून म्हणाल्या. "कार्ड घरटी एक. ते नवऱ्याच्या नावावर. एका वेळी एक पुस्तक, आणि ते नवऱ्यानं नेलेलं. तुमच्या कार्डावर आत्ता काय आहे, चिटणीस?"

माझ्या कार्डावर एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी होती. सात महिने झाले होते. मी बेचाळिसाव्या पानावर होतो.

"मग बायकांना मी कशावर देणार? न लिहिता द्यायची. इतक्या वर्षांत एक पुस्तक हरवलं नाही." त्यांनी कपाटाचं दार लावलं. "आजपर्यंत."

आम्ही रद्दीवाल्याकडे धावलो. तो म्हणाला, "काका, तो माल तर काल गेला. जासईला, गोदामात." बाई माझ्या स्कूटरवर मागं बसल्या. डॉक्टरांनी त्यांना धूळ टाळायला सांगितलं होतं, आणि आमचा रस्ता उलव्याच्या बाजूनं होता. डंपरामागून डंपर धूळ उडवत जात होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "किती चिठ्ठ्या असतील, बाई?"

"मोजल्या नाहीत. ती काय हजेरी होती?" मग बऱ्याच वेळानं, माझ्या कानाशी ओरडून, "एकीनं लिहिलं होतं, आज तळ्यापर्यंत गेले आणि परत आले. खाली पाच जणींनी लिहिलं. पुढच्या महिन्यात ती पुस्तक बदलायला आली. मी काही विचारलं नाही. दुसरं दिलं."

त्यानंतर मी स्कूटर जरा जोरात चालवली.

कंटेनर यार्डांच्या मधे पत्र्याची शेड होती. सात-आठ बायका खाली बसून कागद निवडत होत्या. एका बाजूला पुस्तकांच्या फाडलेल्या पुठ्ठ्यांची रास, दुसऱ्या बाजूला उरलेला कागद. म्हणजे लेखिकांची नावं एकीकडे आणि त्यांचं बोलणं दुसरीकडे. मुकादम म्हणाला, "आमी पुस्तकं बगत नाय, बाय. पांढरा कागद वेगला, पुठ्ठा वेगला. कालचा माल दाबून झाला. त्या गाडीन हाय. उद्या सकाली पेपर मिलला जातंय."

ट्रकवर तारांनी आवळलेले चौकोनी गठ्ठे होते. माझ्या त्या वाक्यातल्या अगदी विटाच.

"तारा कापा," बाई म्हणाल्या.

"तारा कापल्या त शेट माजी मान कापंल."

मी माझं चिटणीसपद सांगून पाहिलं. मुकादमानं ते ऐकून घेतलं आणि तंबाखू मळायला घेतली.

बाई ट्रकजवळ गेल्या. काळा चष्मा काढून पिशवीत टाकला, चेहरा गठ्ठ्याला जवळजवळ टेकवला आणि फटीत दोन बोटं घातली. एका ठिकाणी खेचलं, दुसऱ्या ठिकाणी खेचलं. असं त्या पूर्ण ट्रकभोवती फिरल्या. डोळ्यातून पाणी येत होतं, ते धुळीचं की कशाचं हे विचारायची माझी छाती झाली नाही. शेवटी एका फटीतून कागदाचा एक तुकडा निघून आला. त्यावर बॉलपेननं लिहिलेले दोनच शब्द होते. 'मलाही वाटतं.' पुढचं गठ्ठ्यात.

"काय वाटतं?" त्यांनी मला विचारलं. जणू मला माहीत असणार. "चिटणीस, काय वाटतं हिला?"

तेवढ्यात निवडणाऱ्यांतली एक म्हातारी बाई ओरडली, "बाय, हे बग. ह्ये येक राह्यलंय. माज्या बुडाखाली व्हता." तिनं बसायला घेतलेल्या चवडीत एक पुस्तक होतं, पुठ्ठा नसलेलं. "पैशे हायत काय बगाया आमी झटकतो. यातून निस्त्या चिठ्ठ्या निंगाल्या. परत घातल्या."

बाईंनी पहिलं पान वाचलंही नाही. नुसतं हातात घेऊन म्हणाल्या, "नर्स."

म्हातारीनं विचारलं, "काय लिवलंय चिठ्ठीन?"

बाईंनी एक उघडली आणि मोठ्यानं वाचली. "'इथं आले आणि माझं दूध उतू गेलं.' खाली दुसरीनं लिहिलंय, 'माझंही.' त्याखाली तिसरीनं, 'माझंही. पण मी जाऊ दिलं.'"

सगळ्याजणी हसल्या. मुकादम ओरडला, तरी हसल्या.

"कोनी लिवलंय?"

"तुझ्यासारखीनंच."

"मना लिवता नाय येत."

"सांग, मी लिहिते."

म्हातारीनं हातातला कागद खाली ठेवून विचार केला. "लिव, आमी हसलो."

बाईंनी तिसऱ्या ओळीखाली लिहिलं, 'आमी हसलो.'

मी बाहेर बघितलं. कंटेनरच्या रांगांवरचा प्रकाश तांबूस होत होता. "बाई," मी म्हटलं, "निघायला हवं. सूर्य…"

बाईंनी पिशवीतून काळा चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, "मला दिसत नाहीये, चिटणीस." आणि परत ट्रककडे गेल्या.

त्या शुक्रवारी बाईंच्या घरात दिवा लागला नाही. मुकादमानं शटर ओढलं तेव्हा त्यांच्या मुठीत आणखी चार तुकडे होते, चारही कोरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच परत गेलो. ट्रक निघून गेला होता. मी उगाच रस्त्याला लागून थोडा पुढं गेलो, पण त्या रस्त्यावर सगळे ट्रकच असतात.

बाई मला एकदाही रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी माफी तरी मागितली असती. पुढच्या आठवड्यांत बायका येत राहिल्या, एकेकट्याच. चौथ्या कपाटाकडे बघायच्या, बाईंकडे बघायच्या, मग मासिक घेऊन जायच्या. कोणी काही विचारलं नाही. बाईंनीही कोणाला पान विचारलं नाही. मी कोपऱ्यात बसून प्रत्येकीकडे बघायचो आणि मनात म्हणायचो, तळ्यापर्यंत जाऊन आलेली हीच का? ही की मघाशी आली ती?

दोन महिन्यांनी भावाचा फोन आला, आणि या वेळी बाई हो म्हणाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी मला कपाटांच्या किल्ल्या मोजून दिल्या. चौथ्याचीही दिली. "आता त्यात काही नाही, पण यादीत आहे." मग पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते एकुलतं पुस्तक काढलं. "हे घरी न्या. कार्डावर लिहू नका."

"मी नक्की वाचीन, बाई."

"तुम्ही बेचाळिसाव्या पानापर्यंत याल," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे कोण वाचतं, ते मला माहीत आहे."

त्या गेल्या. नव्या गाळ्यातल्या त्यांच्या खुर्चीवर आता आम्ही आलेल्या पुस्तकांची पार्सलं ठेवतो.

घरी येऊन मी पुस्तक बायकोपुढं ठेवलं आणि हसत म्हटलं, "बाईंचा काहीतरी गैरसमज झाला होता बघ. आपल्याकडे वाचणारा मीच ना?"

तिनं वर्तमानपत्र सोडलं. एकेक चिठ्ठी उघडली, वाचली, परत होती त्याच पानात ठेवली. मी चहा केला. तो तिनं घेतला नाही.

"हे नव्हे," ती शेवटी म्हणाली. "त्या शेतीवालीचं. एकशे बारा पान. माझी चिठ्ठी त्यात होती."

मी तिचा न घेतलेला कप उचलला. "कोणी उत्तर दिलं होतं?"

"बघायला जाणार होते. तेवढ्यात बाईंचं ऑपरेशन निघालं."

"काय लिहिलं होतंस?"

तिनं पुस्तक परत त्याच कागदात गुंडाळलं, घड्या जिथं होत्या तिथंच घालत.

"तुम्हाला सांगता आलं असतं," ती म्हणाली, "तर तिथं कशाला लिहिलं असतं?"