लाईन शिवेपर्यंत

अकरा वर्षांपूर्वी सकाळी दहाच्या पुण्याच्या एसटीनं मी सांगली सोडली, तेव्हा मला पोचवायला तीस-पस्तीस माणसं आली होती. नातेवाईक त्यात चार. बाकी सगळी आमच्या कॉलेजच्या मुलींच्या कबड्डी संघाची पाठीराखी मंडळी. निळे टी-शर्ट घालून अशी जमली होती, की जणू मी अमेरिकेला नाही, साताऱ्याला फायनलला निघाले होते. एक हलगीसुद्धा होती. कंडक्टरनं दोनदा विचारलं, कुणी पुढारी चढणार आहे का म्हणून.

गाडी हलली तशी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उजवा हात वर केला. हलगी थांबली. गलका थांबला. सगळ्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि तोंडं मिटली. हात कुणी हलवला नाही, रडलंही कुणी नाही. नुसते उभे. आणि नेमका स्टँडच्या फाटकात उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आडवा आला. झाली पंचाईत. गाडी जागची हलेना आणि खिडकीतून मला दिसत होतं, एकेकाचा दम सुटत चालला होता. माझी मैत्रीण शुभांगी खोकायला लागली. हलगीवाला लालबुंद होऊन मटकन खाली बसला. शेवटी एकटे आबा उरले. हात वर, तोंड घट्ट, नजर माझ्या खिडकीवर. मग ट्रॅक्टर सरकला, गाडी वळली आणि ते दिसेनासे झाले. त्यांनी श्वास कधी सोडला, हे मी पाहिलेलं नाही.

तुम्ही जे त्या दिवशी तिथं होता, आणि जे पुढं माझ्यासारखेच कुणी पुण्याला, कुणी बेंगळुरूला, कुणी दुबईला पांगलात, त्यांना ही रीत सांगायला नको. इतरांना सांगते.

आबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आमच्या कॉलेजच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. शिक्षण नववी. वर्गात त्यांनी कधी पाय ठेवला नाही, पण गेटच्या खुर्चीतून मैदान सरळ दिसायचं. संध्याकाळी मुली सरावाला उतरायच्या. तेवढ्यावर माणूस कामातून गेला. मी कॉलेजात जायच्या आधीपासून आमच्या घरी जेवताना कुणाचा गुडघा दुखतोय आणि कुणाची पकड कच्ची आहे, याच गप्पा. आई म्हणायची, "सोताच्या लेकीची येत्ता इचारली तर सांगता येनार न्हाई ह्या मानसाला." खरंच नसती आली.

मी पहिल्या वर्षाला असताना साताऱ्याच्या कॉलेजशी सामना होता. आमची पोरं घसा फोडून ओरडत होती. आबा उठले आणि मागं वळून म्हणाले, "आरं गप बसा की रं! आपलं मानूस दुश्मनाच्या हद्दीत गेलंय. मागच्यांनी आवाज करायचा नसतोय. दम धरायचा. ती येऊन लाईन शिवली की मग घाला काय बोंबा घालायच्या त्या."

त्या दिवसापासून आमची रीत पडली. चढाईला गेलेली मुलगी एका दमात "कबड्डी, कबड्डी" म्हणत मधली रेषा ओलांडते, समोरच्या कुणाला तरी शिवते आणि परत येऊन रेषेला हात लावते. तोवर आम्ही सगळ्यांनी श्वास रोखायचा. तिचा हात रेषेला लागला की शंभर-दीडशे माणसांचा दम एकदम सुटायचा आणि मग हलगी. समोरच्यांना ती शांतता सोसायची नाही. सातारकर ताशे, शिट्ट्या, पत्र्याचे डबे सगळं घेऊन यायचे, पण आमच्या चढाईला तेसुद्धा नकळत गप्प व्हायचे. जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याचं तोंड गोड करायचं अशी एक जुनी पद्धत होती. ते जिंकले की पेढ्यांचे बॉक्स यायचे. आम्ही जिंकलो की भडंगाची पिशवी जायची. गोड नसलं तरी आमचं तेच. आबांनी आयुष्यात साताऱ्याचा पेढा खाल्ला नाही.

मी स्वतः कधी खेळले नाही. माझं काम दम धरणं. पाच वर्षं मी ते मनापासून केलं आणि त्याबद्दल कुठलं सर्टिफिकेट मिळत नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग लग्न झालं आणि मी इथं आले. हे गाव म्हणजे एक युनिव्हर्सिटी आणि तिच्याभोवती राहणारी माणसं. शनिवारी फुटबॉलचा सामना असला की सगळं गाव लाल कपड्यांत. सकाळी सातपासून पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्या उघडतात, शेगड्या पेटतात, पोरंसोरं चेहरे रंगवून फिरतात. याला टेलगेटिंग म्हणतात. शेजारच्या डोरोथीआजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. नवरा गेला त्याला बरीच वर्षं झाली, पण सीझनची तिकिटं अजून दोन घेतात. शेजारच्या खुर्चीवर त्याची लाल टोपी ठेवतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं नाही, उलट बरं वाटलं. म्हटलं, आपल्या जातीची माणसं इथंही आहेत. पण त्यांचा संघ जिंकला-हरला तरी माझ्या पोटात काही हलत नाही. लाल स्वेटशर्ट मीही घेतलाय, घालतेही. चांगला उबदार आहे.

गेल्या वर्षी आबांच्या फुप्फुसांचं निघालं. मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितलं, ती हळूहळू कडक होत चाललीत, औषधानं वेग कमी होईल, मागं येणार नाहीत. आता घरात ऑक्सिजनचं मशीन आहे आणि बाहेर जाताना खांद्याला छोटा सिलिंडर. मी जायला हवं होतं. पण आमची ग्रीन कार्डाची फाईल अशा ठिकाणी अडकलीय, की देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत येण्याच्या व्हिसाच्या शिक्क्यासाठी मुलाखत, आणि मुलाखतीची तारीखच मिळत नाही. मागं नोकरी, शाळेत जाणारी लेक. मी रोज सकाळी त्या तारखांची वेबसाईट उघडते. रोज तेच उत्तर. अकरा वर्षांत मी दोनदा घरी गेले, दोन्ही वेळा तीन आठवडे, परतीचं तिकीट पर्समध्ये. दोन्ही वेळा निघताना स्टँडवर आबांचा हात वर.

यंदा आमच्या मुली बऱ्याच वर्षांनी फायनलला पोचल्या. सामना साताऱ्यात, समोर साताराच. आबा जाणार म्हणाले. मी फोनवर भांडले.

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"दम लागंल असं काय करू नगा, म्हनला. म्या काय खेळाय चाललोय व्हय? बसून बगनार."

"तुम्ही कधी बसून सामना बघितलाय?"

"मग आता बगतो की. आन् तू तितनं काय धरून ठेवनार हायस मला?"

आईनं फोन घेतला आणि म्हणाली, "वरडून काय उपेग न्हाई, बाळ. तुजा आवाज हितवर येतोय, हात येत न्हाई."

सामन्याच्या दिवशी तिथं संध्याकाळचे पाच, माझ्याकडं शनिवारची सकाळ, साडेसात. घरात लेक झोपलेली, म्हणून मी खाली पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसले. आजूबाजूला डिक्या उघडत होत्या. कॉलेजची पोरं मोबाईलवरून सामना लाईव्ह दाखवत होती. लाईव्ह म्हणायचं आपलं. ते मिनिटभर मागं असतं, हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ तोवर कळला नव्हता.

शेवटची चढाई. दोघांचे गुण सारखे. आमची कप्तान प्राजक्ता रेषेवर वाकली. कॅमेरा एकदा प्रेक्षकांवरून फिरला आणि मला आबा दिसले. पहिल्या रांगेत, उभे. स्वेटरवर निळा टी-शर्ट चढवलेला. नाकातली नळी दिसेना. ती नळी त्यांनी मुद्दाम काढून सिलिंडर बंद केला होता, हे मला मागाहून शुभांगीनं सांगितलं. सिलिंडरचा बारीक फुस्स असा आवाज येतो, त्यानं पोरीचं लक्ष जाईल, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी उजवा हात वर केला. मैदान गप्प झालं. मीही गाडीत श्वास रोखला.

आणि तेवढ्यात स्क्रीनच्या वरच्या कडेला शुभांगीचा मेसेज आला: आबा चक्कर येऊन पडले. दवाखान्यात नेतोय. काळजी करू नको.

खाली चित्रात आबा उभे होते. हात वर. तोंड मिटलेलं.

मी ओरडले. "आबा, श्वास घ्या! आबा, खाली बसा!" काचा वाजतील एवढ्या मोठ्यानं. जे होऊन गेलं होतं, ते माझ्यासमोर अजून व्हायचं होतं, आणि मला ते थांबवता येत नव्हतं. कॅमेरा प्राजक्ताकडं वळला. ती आत शिरली, कोपऱ्यातल्या मुलीला शिवली, मागं फिरली. मी फोन उलटा करून शेजारच्या सीटवर टाकला. आवाज मात्र बंद करायचं सुचलं नाही, त्यामुळं माणसांची किंकाळी तेवढी ऐकली.

काचेवर टकटक झाली. लाल स्वेटर घातलेल्या डोरोथीआजी वाकून बघत होत्या. मी काच खाली केली. फोनवरचा गलका ऐकून त्यांनी विचारलं, "हरले का?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, पुढच्या वर्षी नक्की. त्यांना दुसरं काही माहीत नव्हतं. मी त्यांचा हात धरून बराच वेळ रडले, आणि त्या बिचाऱ्या एका सामन्यासाठी एवढं रडणारी बाई भेटली म्हणून मनापासून शेजारी उभ्या राहिल्या.

आबांना सातारकरांच्या जीपमधून नेलं. त्यांच्या ताशेवाल्यानं ती चालवली. वेळेवर पोचले म्हणून वाचले. पण डॉक्टर म्हणाले, या एका संध्याकाळनं सहा महिने खाल्ले. आधी पायरी उतरताना लागणारी धाप आता कुशीवर वळताना लागते.

ते रेकॉर्डिंग मी दुसऱ्या दिवशी पूर्ण पाहिलं. प्राजक्ता परत फिरली होती, वाटेत कुणी नव्हतं. नेमकी त्याच क्षणी आबा कोसळल्याची बोंब उठली. एवढी वर्षं जपलेली शांतता फुटली. तिनं मान वळवली, तेवढ्यात मागून दोघींनी तिचा घोटा धरला. ती पडली, हात लांब केला. रेषा वीतभर राहिली.

चौथ्या दिवशी आबांचा फोन आला. आवाज मशीनच्या घरघरीतून येत होता, दोन-दोन शब्दांनी.

"सगळी म्हनत्यात... जिकलो. मग उशाला... पेढं कसं गं?" त्या ताशेवाल्यानं आपला नियम पाळला होता. "तू खोटं... बोलत न्हाईस. लाईन शिवली का तिनं?"

मी म्हटलं, "नाही आबा. वीतभर राहिली."

"वीतभर व्हय? ग्वाड पोर हाय. फुडच्या साली... शिवंल."

तिनं मागं का पाहिलं, हे मी सांगितलं नाही. त्यांच्यापासून मी लपवलेली ती एकच गोष्ट. तुम्हीही सांगू नका, एवढंच मागायला हे सगळं लिहितेय. आणि प्राजक्ताला कुणी बोल लावत असेल तर त्याला माझं नाव सांगून दोन ठेवून द्या.

घर म्हणजे काय, असं इथं मुलीला शाळेत लिहायला सांगतात. ती आमच्या अपार्टमेंटचं चित्र काढते, बरोबरच आहे तिचं. माझं घर म्हणजे सांगलीचं ते स्टँड, आणि तिथं हात वर करून, तोंड मिटून उभा असलेला एक माणूस. मला फार उशिरा कळलं, की तो निरोप नव्हता. मी रेषेपलीकडं गेले होते आणि ते मागं थांबले होते, एवढाच त्याचा अर्थ. गेलेल्या माणसानं एका दमात परत यायचं असतं. मी तिथंच संसार मांडून बसले.

फोन ठेवायच्या आधी आबांनी विचारलं, "तू कवा येतीस?"

"तारीख मिळाली की लगेच, आबा."

मशीन घरघरत होतं, पण त्यांच्या श्वासाचा आवाज येईना. मी घाबरले.

"आबा? आबा, श्वास घ्या!"

"आदी तू," ते म्हणाले, "लाईन शीव."