धोंडाबाईचे मक्याचे वडे

धोंडाबाई एकदा हट्टाला पेटली की तिच्यापुढं कुणाची डाळ शिजायची नाही. चांद्याच्या शाळेत ती पोरांचं दुपारचं जेवण रांधायची. चौसष्ट साली तिथं परदेशी मक्याच्या पिठाची पोती आली आणि बाईच्या हाताची अब्रूच गेली. पोत्यांसोबत आलेल्या कागदावर लिहिल्याप्रमाणं ती सांजा शिजवी, पण त्याचा गिच्च गोळा होई. पोरं तो नेऊन म्हशींपुढं टाकत. तालुक्याचे साहेब ते बघून गेले. पुढच्या गुरुवारी पीठ असंच वाया जाताना दिसलं, तर पोती दुसऱ्या गावाला हलवीन म्हणाले.

गावच्या पोरांचं काय, घरी भात होता. पण डोंगरातल्या वाडीवरची सोनी आणि तिच्यासोबतची पाच-सहा पोरं त्या एका जेवणासाठी दोन कोस चालत यायची. धोंडाबाईची स्वतःची लेक नुसत्या पेजेवर खंगून गेली होती. ते दुखणं तिच्या काळजात अजून तसंच होतं. पोती हलू द्यायची नाहीत म्हणजे नाहीत!

बुधवारी तिनं घरची उडदाची न् चवळीची डाळ भिजवून वाटली, कढत पाण्यात उकड काढलेल्या मक्याच्या पिठात मिसळली, मेथीदाणा घातला आणि रातभर झाकून ठेवलं. लग्नकार्यातल्या वड्यांची हीच रीत. फक्त तिकडं तांदूळ असतो. सकाळी सारजाबाई पाटलीण वाटेत आडवी आली. सण ना वार, कढई चढवायची म्हणजे काय, आणि वाडीवरल्या पोरांना वडे? धोंडाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"नुसत्या मक्यानं पोट भरतंय, पाटलीणबाई. डाळ न् तेल मिळालं की अंगाला लागतंय. पोरांच्या अंगाला लागंल, त्यो माजा सण."

ओल्या फडक्यावर थापून तिनं वडे तेलात सोडले. कसे टम्म फुगले म्हणून सांगू! साहेब पोचेस्तोवर परात चाटूनपुसून साफ. त्यांनी चवीला एक मागितला, आणि झाली का पंचाईत! तळायच्या गडबडीत बाईनं एकही बाजूला काढला नव्हता. म्हशींनी नाही, पोरांनीच खाल्लं, हे साहेबांना पटावं कसं?

तेवढ्यात त्यांना सोनीच्या हातात अर्धा वडा दिसला. त्यांनी हात पुढं केला. एरवी मान वर न करणारी ती पोर दोन पावलं मागं सरली आणि वडा पाठीमागं धरला.

"न्हाई देनार. माजा हाय."

साहेबांनी हात मागं घेतला आणि वहीत लिहिलं, पोती हलवू नयेत. धोंडाबाई चुलीपाशी मटकन बसली आणि लेक गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडली.